दाराखालची फुंकर

४ नोव्हेंबर १९५६, चिंचवड
सकाळी कोल्हापूरहून पोचलो. स्टेशनवर मालक सोपानराव स्वतः टांगा घेऊन हजर! गृहस्थ दिलदार. थेरगावच्या वाटेला, पवनेकाठच्या आपल्या मळ्यातच त्यांनी कारखाना काढलाय. पत्र्याची शेड, शेजारी मला खोली, जेवायला गरम भाकरी-पिठलं. बी.एस्सी. होऊन इतके दिवस बेकार हिंडलो. आता केमिस्ट झालो. आईला कार्ड टाकलं.

८ नोव्हेंबर
काम देखणं आहे. समुद्रकाठची जड वाळू शिजवून नायट्रिक ॲसिडात विरघळवतात. त्या द्रावात रॉकेल आणि एक परदेशी तेलकट रसायन ओतून घुसळायचं, मग निवळू द्यायचं. लोणी वर यावं तसं थोरियम रॉकेलबरोबर वर येतं. बाकीचे दुर्मीळ धातू खाली ॲसिडात राहतात. वरचा थर पाण्यानं धुतला की थोरियम हाती. गॅसबत्तीच्या जाळ्या करणारे ते घेतात म्हणे.
ते कुठल्या थरात उतरलं हे बघायला काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं टांगली आहेत. विजेनं फाकवून ठेवायची. थोरियममधून न दिसणारी किरणं निघतात; ते जवळ नेलं की पानं मिटतात, लाजाळूसारखी.

१५ डिसेंबर
माझ्याआधी इथे अर्जुनराव नावाचे केमिस्ट होते. नोकरी सोडून मुंबईला गेले, असं सोपानराव सांगतात.
राखणदार कोंडाजी मागच्या कोठीत रोज ताट नेतो. कोठीला लोखंडी दार, बाहेरून अडसर. मी विचारलं तर म्हणाला, "आत कुत्रं हाय, सायेब. चावरं."
ताटात लिंबाचं लोणचं होतं.

३ जानेवारी १९५७
खोकला हटत नाही. आज बरणीवर वाकलो आणि पानं मिटली. जवळ थोरियम नव्हतं. आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, बरणी मळ्यात नेली. पानं पुन्हा फाकवली. नुसता श्वास सोडला — मिटली.
मागे सोपानराव उभे होते. त्यांनी पाहिलं.

४ जानेवारी
घरी जातो म्हणालो. सोपानरावांनी चहा मागवला, मग शांतपणे सांगितलं की वाळू सरकारची आहे, चोरून आणलेली. "बाहेर कुणी असली बरणी तुमच्यापुढं धरली तर? तुमचा श्वासच साक्ष देईल, ज्योतीराम."
फाटकाला कुलूप लागलं.

६ जानेवारी
दुपारी कुंपणावरून उडी मारली. नदीपर्यंत पळालो, दम कोंडला, पडलो. कोंडाजीनंच धरलं. रडत होता. "माजी पोरं मालकांच्याच रानात ऱ्हात्यात, सायेब."
आता मी कोठीत आहे. कुत्रं नाही. अर्जुनराव आहेत.

तारीख कळत नाही
भिंतीपर्यंत थोरियमचे ड्रम. त्यांतून वायू झिरपतो — वास नाही, रंग नाही. अर्जुनरावांचे दात गेलेत. दाराखाली बोटभर फट आहे, तिथे ते पडून असायचे. मला बघून बाजूला सरकले. "इथं झोपा. हवा येते."

—
माझा आवाज बसला. अर्जुनराव हल्ली ड्रमांकडेच तोंड करून पडतात, फटीची हवा मला —

—
अर्जुनराव गेले. कोंडाजी ताट ठेवतो, आत बघत नाही.

—
गाडी! मुंबईहून सरकारी तपासणीचे साहेब आलेत. सोपानराव सांगताहेत, आत रिकामे ड्रम आहेत म्हणून. दार बडवतोय — त्यांनी घुसळणीची मोटर लावली. वहीचं पान फाडून फटीतून सारलं. सोपानरावांची वहाण आली, पानावर उभी राहिली.
साहेबांजवळ किरणं मोजायची पेटी आहे, टकटकणारी. दाराशीच आहे. फटीला तोंड लावून फुंकर मारली — टकटक वाढली! पुन्हा फुंकली. नुसता कडकडाट! कळलं त्यांना. आता उघडतील, आता —

—
मोटरीवरून साहेब ओरडताहेत. मागे व्हा. दाराला हात लावू नका. आत किरणं फार आहेत. बुजवून टाका, विटा आणा —
मी — माणूस —
थापी वाजतेय. आधी खालची फट. उजेड अर्धा —