चालू मशीनला विचारू नये

चि. ठमीस,

ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? ऑफिसातली ती मोडकी खुर्ची बदलून घेतलीस की नाही? आम्ही इकडे ठणठणीत. माझा गुडघा दुखतो, पण सोळा दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून तोही गप्प बसलाय.

मला गोड लिहिता येत नाही, चौथीत शाळा सुटली माझी. म्हणून सरळच लिहिते. त्या गुरुवारी धुलाईखान्यात जे झालं ते माझ्यामुळे झालं. तू आलीस तेव्हा मी तोंड उघडलं नाही. जन्मात एकदाच गप्प बसले, आणि तेही नेमकं नको तिथे.

आमच्या दवाखान्यात ते कपडे धुण्याचं मोठं मशीन आलं आणि त्याच्या डब्यातला प्रोग्राम माझ्या बहिणीने लिहिलाय हे कळलं, तेव्हा महिनाभर मी नाक वर करून फिरले (इस्त्रीवाली अजून माझ्याशी बोलत नाही). पाणी किती तापलं, कपडे किती वेळ उकळले, हे ते मशीन एका छोट्या कार्डावर लिहून ठेवतं. कार्ड भरलं की लिहिणं बंद, आणि मग ऑपरेशनच्या चादरी नीट उकळल्याचा पुरावाच राहत नाही. म्हणून तू मला शिकवलंस, की रोज सकाळी कपड्यांचा पहिला घाणा टाकायच्या आधी पिवळं बटण दाबायचं, 'फ्री ब्लॉक' पुढचा आकडा वहीत लिहायचा, आणि तो दोनशेच्या खाली गेला की तुला फोन करायचा. (ब्लॉक म्हणजे कार्डातला कप्पा, हे तू नंतर सांगितलंस. मला वाटलं, ब्लॉक म्हणजे तुंबलेलं. पहिल्याच दिवशी आकडा दोन हजारांच्या वर दिसला, तेव्हा दोन हजार ठिकाणी तुंबलंय म्हणून मी प्लंबर बोलावला होता. तो अजून हसतो.)

आणि दहादा बजावलंस, ताई, ड्रम फिरत असताना हे विचारायचं नाही. मी म्हटलं, का गं, लाजतं का ते? तू न चिडता समजावलंस, की हे रिअल टाइमवालं आहे, पाणी कधी घ्यायचं, कधी बंद करायचं, सगळं ठरल्या क्षणाला झालंच पाहिजे. मोकळी जागा किती हे काही त्याला तोंडपाठ नसतं. विचारलं की एकेक कप्पा मोजत बसतं, आणि तोवर बाकीची कामं खोळंबतात. मी हो हो म्हटलं. (मनात म्हटलं, नुसतं विचारायला काय जातंय? मी जन्मभर येता-जाता सगळ्यांना विचारत आले, कुणाचं पाणी सांडलं नाही.)

गुरुवारी सकाळी आकडा आला दोनशे सहा. घाणा टाकला, पाणी भरायला लागलं, आणि मला राहवेना. किती जागा उरली ते बघू म्हणून पिवळं बटण दाबलं. आकडा येईना. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी लिफ्टचं बटणसुद्धा ती येईपर्यंत दाबत असते. दाबत गेले. त्या बिचाऱ्याने प्रत्येक दाबणं नवा प्रश्न धरला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. पाणी बंद करायचा क्षण कधीच निघून गेला. फेस पार एक्स-रेच्या दारापर्यंत. पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीसकट त्यातून असे बाहेर आले, जसं ढगातून विमान. आणि एवढं होऊन आकडा आला तो दोनशे सहाच!

मॅनेजर धावत आले. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, प्रोग्रामच कुणा गाढवाने लिहिलाय. बोलून गेले गं. त्यांनी तीच तक्रार तुझ्या कंपनीला धाडली.

मग तू आलीस, डबा उघडलास. त्यात सगळं होतं, बटण अकरा वेळा दाबलं, कितव्या सेकंदाला दाबलं, सगळं. तू ते वाचलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी उशीच्या अभ्र्याची घडी घालत होते. एकाच अभ्र्याची, चार वेळा. तू मॅनेजरांना म्हणालीस, "चूक माझी आहे सर, चालू मशीनने हा प्रश्न घ्यायलाच नको होता." तसाच अहवाल लिहिलास. अकराचा त्यात शब्द नाही.

आता तुझ्या शेजारच्या टेबलवालीकडून कळतंय, की तुला मशीनच्या कामावरून काढून जुने कागद लावायला बसवलंय. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तू नव्हतीस गाढव. गाढव अभ्र्याची घडी घालत होतं.

तुझी,
ताई

ता. क. नुसतं तुला लिहून काय होणार, म्हणून तुझ्या साहेबांना सगळं खरं लिहून पाकीट आज सकाळीच टपालपेटीत टाकलं. अकरा दाबणी, तू डब्यात वाचलंस ते, सगळं. फार हलकं वाटतंय.

ता. क. दुसरा. तुझे भावोजी आत्ता जेवताना म्हणाले, "अगं, म्हणजे धाकटीने अहवालात लपवलं, हेही तूच लिहून दिलंस की!" ताट तसंच टाकून उठले. पळत पेटीशी गेले. आत हात घालून पाहिला, कोपराच्या पुढे जात नाही. पाकीट उद्या दहाला साहेबांच्या टेबलावर पडणार. त्याआधी तू स्वतः जाऊन त्यांना सांग, आजच, त्यांच्या घरी. तुझं खोटं माझ्या पाकिटातून बाहेर पडण्यापेक्षा तुझ्या तोंडून गेलेलं बरं. सगळं माझ्यावर ढकल, माझी नोकरी गेली तर जाऊ दे. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण आता पुन्हा लिहायला वेळ नाही. पत्र घेऊन आलेले भावोजी तुझ्या दारात उभे आहेत. स्कूटर चालूच ठेवायला सांगितलीय, बंद झाली की लवकर सुरू होत नाही. त्यांना चहा विचारू नकोस. ते हो म्हणतील.