मार्सेलच्या गाण्यातला ओला पंचा

६ ऑक्टोबर
वरच्या मजल्यावर फ्रेंच जोडपं आलंय. सिल्वी सुनीलच्या प्लांटमध्ये इंजिनिअर, नवरा मार्सेल घरी. इथे सौदीत तो बायकोच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मी नवऱ्याच्या. लिफ्टमध्ये याच मुद्द्यावर ओळख झाली. पाठीला गिटार. गातो म्हणे.

९ ऑक्टोबर
दोघं चहाला. मार्सेल पोरवयात बापाची बेकरी सोडून पळाला. स्टेशनांवर गायला, मग कॅफेंत. स्वतः लिहिलेलं एक गाणं फ्रान्सभर रेडिओवर गाजलं. पुढची कुणी ऐकलीच नाहीत. "आईने घेतली होती एक रेकॉर्ड," म्हणाला. सिल्वी : "ती मी घेतली होती." कित्येक वर्षांत नवं काही सुचलेलं नाही. चिवडा मात्र संपवला.

१७ ऑक्टोबर
घोळ! सकाळी नेहमीसारखी ओरडले, "अहो, ओला पंचा गादीवर नको हो!" बाल्कनी उघडी. संध्याकाळी मार्सेल जिन्यात : "ओ ला पांचा... प्रार्थना आहे का? रोज ऐकतो. काय चाल आहे!"
चाल!
काय सांगणार? म्हटलं, दूर गेलेल्या माणसाला घातलेली साद. त्याचे डोळेच भरले. मी घाईघाईने कोथिंबीर आणायला गेले. घरात जुडी होती.

२ नोव्हेंबर
देशपांड्यांकडे दिवाळीचा फराळ, खोबर शहरातली सगळी मराठी मंडळी. मार्सेल म्हणाला, तुमच्यासाठी नवं गाणं केलंय. डोळे मिटून, कापऱ्या आवाजात : "ओ ला पांचाऽऽ, गादीवर नको होऽऽ". चकल्या हातातच राहिल्या. देशपांडे रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होते. मार्सेलला वाटलं, रडतायत. आणखी जीव ओतून गायला.
तेवढ्यात आमची ईरा, खणखणीत इंग्रजीत : "मम्मा, अंकल बाबाच्या टॉवेलवर का गातायत?"
मग कुणालाच आवरलं नाही. मार्सेलने गिटार पिशवीत घातली. मला "गुड नाइट, मादाम" म्हणाला आणि गेला. सुनील लालबुंद. मला तर...

४ नोव्हेंबर
ईराबरोबर करंज्या पाठवल्या. डबा रिकामा परत आला, निरोप नाही. सिल्वी म्हणाली, गिटारला हात लावत नाही.

५ नोव्हेंबर
स्वतः वर गेले. सॉरी म्हटलं, खरं काय ते सांगितलं.
"रोज तोच टॉवेल?"
"रोज."
"तुम्ही ओरडता, तरी पुन्हा टाकतो?"
"बारा वर्षं."
"आणि तरी तुम्ही इथेच?"
मला हसू फुटलं. मग त्यालाही. म्हणाला, "दूर गेलेल्यावर सगळेच लिहितात, मादाम. रोज घरी असणाऱ्यावर कोण लिहितो?" आणि कोपऱ्यातली गिटार ओढली.

१३ नोव्हेंबर
नवं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. पंच्याची ओळ मीच ओरडायची, असा त्याचा हट्ट. पॅरिसच्या मित्राला पाठवलं.

१९ नोव्हेंबर
मित्राचं उत्तर : गाणं करू या, पण ती बाई हवी. मार्सेल जिन्यावरूनच ओरडत आला. डिसेंबरात पॅरिस, खरा स्टुडिओ. मी!
सुनील : "आणि आम्ही काय खायचं?" जरा वेळाने : "गाण्यात माझं नाव नाही ना?"
माझा एक्झिट-रीएंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना, सुनीलच्या फोनवरून निघणार. मार्सेलचा सिल्वीच्या फोनवरून. तिने तिथल्या तिथे काढला.

२१ नोव्हेंबर
तिकिटांचं उद्या कळवायचंय. सुनीलने परवान्यासाठी अजून फोन उघडलेला नाही, मीही काढ म्हटलेलं नाही. मगाशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.
"ठरलं का तुझं?"
"नाही अजून."
"मग मघापासून गुणगुणतेयस काय?"