एकशेपटी हर्षाली

७ डिसेंबर, सकाळी ११.४०
माझं आयुष्य बदललं ते या मिनिटाला. निसर्ग मंडळाच्या वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्या हर्षालीने माझ्या तळहातावर ओढ्यातला किडा ठेवला आणि म्हणाली, शेपट्या मोज. तीन. नाव मेफ्लाय. कित्येक महिने पाण्यात दगडाखाली राहतो, पंख फुटले की जेमतेम एक दिवस. तेव्हा खायला तोंडच नसतं. फक्त प्रेम, मग मरण. म्हणजे मीच.

२१ तारखेला पेठकडच्या ओढ्यांची पाहणी. हर्षालीच्या जीपमध्ये एकच जागा उरलीय. १९ पर्यंत जो दहा मेफ्लाय नीट ओळखून आणेल, त्याची. दुसरा उमेदवार सिन्नरचा सोमनाथ. बोलतो ते शेजारच्यालाही ऐकू येत नाही. सोपं आहे.

८ डिसेंबर
संकल्प. राग बंद. (कॉलेज रागात सोडलं म्हणतात. एचओडीशी तत्त्वाचं भांडण होतं.) मेफ्लायसारखं जेवणही बंद.
दुपारी २. मम्मीने शेवभाजी केली. मला तोंड आहे, हा निसर्गाचाच निर्णय.

१० डिसेंबर, पेठ
एसटीने आलो. दगड उलटला, मम्मीच्या भुवयांच्या चिमट्याने किडा धरला. शेपट्या दोन. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला एकही नाही! पुस्तकात तीन, काहींना दोन. एक कुठेच नाही. नवी जात!!

११ डिसेंबर
पुन्हा ओढा. एकूण बारा, त्यात सात एकशेपटी. खेकडे धरायला आलेली भागीबाई नावाची आजी काठावर बसून बघत होती. म्हणाली, पोरा, लय जोर लावतूस रं, खेकडा हाय का तो? तिला विज्ञान समजावलं. ती पदर तोंडाला लावून हसली. मी रागावलो नाही. दगड हातातून सुटला. किड्यांच्या ट्रेमध्ये पडला, दोन चिरडले. आता दहा. हवे होते तेवढेच.

१४ डिसेंबर
सोमनाथचा फोन. म्हणे चिमटा नको, मऊ ब्रशने उचल, शेपट्या नाजूक असतात. हा किडे धरतो की रांगोळी काढतो? शोधाचा सुगावा लागलाय याला. फोन कट केला. बाटलीवर लेबल लावलं: 'एकशेपटी हर्षाली, नवी जात.' वाचेल तेव्हा तिला सगळं समजेल. बोलायची गरजच नाही.

१९ डिसेंबर, संध्याकाळी ६, मंडळाच्या जिन्यात बसून
हर्षालीने बाटली पांढऱ्या बशीत ओतली. नाक टेकेल इतकी वाकून बघितलं. वाटलं, भारावली. मग विचारलं, कशाने उचललेस? चिमटा दाखवला. तिने भिंग माझ्याकडे सरकवलं. बशीच्या तळाशी अकरा सुट्या शेपट्या. सगळे हसले. ती नाही हसली, ते जास्त लागलं. मग तिने लेबल मोठ्याने वाचलं. हे नाव कोणी ठेवलं?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, सोमनाथने.
सोमनाथ कानापर्यंत लाल. पण नाही म्हणाला नाही. नुसता चपलांकडे बघत बसला. हर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली आणि हसली. माझ्याकडे बघून अशी कधी हसली नव्हती. म्हणाली, नाव छान आहे रे, पण यांना शेपट्या तीनच असतात. त्याचे दहाही बरोबर निघाले होते. जागा त्याला.
मी उठलो. कोणी थांब म्हणालं नाही. दार असं आपटणार होतो की कॉलेज रोडपर्यंत ऐकू जाईल. पण ती भिंगाला डोळा लावून बसली होती, तो बशी धरून. बशी हादरली असती. बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं.