बटाट्याच्या सहा ओळी

ज्ञानेश्वर,

काल सांजच्याले तुले म्हटलं, थंडी वाढून राह्यली, बटाट्याच्या कोवळ्या रोपाइले माती लावून वरून भुसा-कुटार टाक. तू म्हणाला, “कोकिळाताई, मले शेती शिकवू नको,” अन् गोधडीत शिरला. आज तुह्या बाजूचा सगळा पाला काळा पडला. माह्या सहा ओळी मी एकटीनं झाकल्या, पहाटे धूर केला. त्या हिरव्यागार आहेत.

करपलेली रोपं उपटू नको. बुडाले माती चढव, नवे फुटवे येतील. फावडं कोणत्या बाजूनं धरतात, ते आईले विचार.

मी तलाठ्याकडे चालली, वावराच्या सातबाऱ्यावर बाबाच्या जागी माहं बी नाव लावाले. तू माह्या सहीसाठी ठेवलेला हक्कसोडीचा कागद शोधू नको. धुरासाठी कुटार त्यानंच पेटवलं.

ताई