नीळ दिसली की थांबायचं

आक्के, तनुजाचा नमस्कार. मी मजेत आहे. सायली शाळेत जाते ना?

शिल्पकलेच्या वर्गात मातीत तुझा चेहरा घडवला, त्याचा प्लास्टरचा साचा काढून आत परत प्लास्टर ओतलं. साच्याच्या सगळ्यात आतल्या थरात नीळ मिसळतात. साचा फोडताना नीळ दिसली की चेहरा जवळ आला, हात आवरायचा.

काल फोडायला बसले. दाजी आठवले आणि हातोडी लई जोरात चालली. तुकडे उडाले, माझं बोट फुटलं. घाबरू नको. मग तुझ्या डोळ्याखाली नीळ दिसली. दिवाळीत तू "पडले" म्हणालीस तेव्हा होती, तिथंच. माझा हात थांबला.

दाजींचा थांबत नाय.

रविवारी वैजापूरला येते. तुझे आणि सायलीचे कपडे भरून ठेव. हे पत्र दाजींनी वाचलं तरी चालेल. हातोडी सोबत आणतेय.

तुझी धाकटी,
तनुजा