ऑर्किडला चार कळ्या

चिमे,

शाळेच्या टाकीचं काम आलंय, दुपारी जेवायला येतो. अंघोळ झाल्यावर बाथरूमची खिडकी लगेच उघडू नकोस. तुझ्या ऑर्किडना वाफ मानवते.

दोन बॅगा आणि ही तीन मरतुकडी झाडं घेऊन तू घरी आलीस, तेव्हा रोज पाणी पाजून मीच त्यांची मुळं कुजवली. जन्मभर प्लंबर, दुसरं काय सुचणार! मग कुजकी मुळं कापली, झाडांच्या सालींचे नवे तुकडे भरले आणि कुंड्यांना ड्रिलने भोकं पाडली. चाळीस वर्षं गळती थांबवणाऱ्या माणसाने मुद्दाम गळती केली, बोल!

आणि आज मधल्या झाडाच्या दांडीवर चार कळ्या दिसल्या. चष्मा लावून दोनदा मोजल्या. आता कौतुकाने पाणी घालू नकोस, सोमवारी मीच घालीन.

तुझ्या नवऱ्याने ‘फेकून दे ती’ म्हटलं होतं ना? त्याला फोटो वगैरे पाठवायची काही गरज नाही. आपल्याला कुणाला काही दाखवायचं नाहीये.

बरं, एक पाठव. चारही कळ्या नीट दिसल्या पाहिजेत.

बाबा