गाळातील एक्केचाळीस काठ्यांबाबत

प्रति,
मा. शाखा अधिकारी,
गाळपेर वाटप व सीमाखुणा शाखा क्र. ७,
ता. इंदापूर, जि. पुणे.

विषय: नवे करंजवडे ते खारतळे या पायवाटेवरील काठ्या सीमाखुणा नसल्याचे सोमवार दि. ११ रोजी सकाळी सातपूर्वी जाहीर करणेबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज, दि. २९ मार्च १९९४.
२) आपले पत्र, दि. २ एप्रिल १९९४.
३) मला बजावलेली नोटीस, दि. ७ एप्रिल १९९४.

महोदय,

मी खारतळे येथील माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवतो. स्कॉटलंडहून इंग्रजी शिकवण्यासाठी आलेल्या मिस हेलन क्रॉफर्ड गेल्या जूनपासून नवे करंजवडे येथे माझ्या घरी भाड्याने राहतात. परक्या मुलखात होणारे किरकोळ घोटाळे त्यांचेही झाले. चहाला नाही म्हणणे त्यांना उशिरा जमले, त्यामुळे पहिल्या रविवारी त्यांनी चौदा घरी चहा घेतला. भिगवणला जायचे असता त्या वालचंदनगरला उतरल्या. एका अंत्ययात्रेतील सर्वांना त्यांनी हात जोडून सुप्रभात म्हटले. यांपैकी कशानेही कोणाचे नुकसान झाले नाही. पुढील प्रकार तसा नाही.

१. धरणाचे पाणी ओसरले की आमचे गाव व शाळा यांच्यामधली जमीन उघडी पडते. सडकेने चौदा किलोमीटर असलेले अंतर तेथून दीड किलोमीटर होते. दि. ११ फेब्रुवारी रोजी बाई त्या वाटेने निघाल्या आणि कमरेपर्यंत गाळात रुतल्या. गेणू या मच्छीमाराने त्यांना वल्ह्याच्या आधाराने ओढून काढले. नंतर गेणूने गाळाखालची जुनी गाडीवाट शोधून दिली. ती दगडी असून तिची रुंदी अडीच मीटर आहे. बाईंनी आपली लाल छत्री फाडून एक्केचाळीस चिंध्या केल्या व तितक्या बाभळीच्या काठ्या वाटेच्या मधोमध रोवल्या.

२. गावातील अकरा मुले त्यांच्यासोबत शाळेत येतात. प्रत्येक काठीला हात लावून तिचा क्रमांक इंग्रजीत म्हणायचा, असा पाठ बाईंनी बसवला. मुलांना तो फार आवडला. आता ती पायांखाली पाहत नाहीत, पुढच्या काठीकडे पाहतात.

३. गतवर्षीपर्यंत आपली शाखा या जमिनीत गावकऱ्यांना हंगामी पेरणीसाठी गाळपेरीचे वाटे पाडून देताना लाल फडक्याच्या काठ्या रोवत असे. यंदा आपले कर्मचारी आले नाहीत. बाईंच्या काठ्या मात्र दिसल्या. लोकांनी त्या आपल्याच शाखेच्या मानल्या आणि दोन्ही अंगांनी कलिंगड पेरले. सरकारी काठी उपटणे येथे गुन्हा समजतात. ती वीतभर सरकवणे हा गुन्हा समजत नाहीत, कारण ते सर्वच करतात.

४. मी रोज सकाळी जुन्या विहिरीच्या कठड्यापासून टेपने मोजमाप घेतो. आजअखेर एक्केचाळीसपैकी तेवीस काठ्या दगडी वाटेच्या बाहेर आहेत. क्र. १५ ते २२ या काठ्या पश्चिमेकडील वाटेकरी रामहरी यांनी पूर्वेस सरकवल्या आहेत. तेथे पूर्वी वीटभट्टीसाठी माती काढलेला खड्डा होता. त्यात ३.६० मीटर लांबीची सळई घातली असता तळ लागला नाही. वरचा थर वाळून भेगाळला आहे व त्यावर वेल पसरले आहेत, म्हणून ती जागा जमिनीसारखी दिसते.

५. दि. २८ मार्च रोजी रामहरी यांचेच वासरू तेथे बुडून मेले. ते काठ्यांच्या रांगेतून चालले होते. पंचनाम्यात मात्र ‘जनावर खुणेबाहेर गेल्याने’ असे कारण नोंदले. त्यानंतरही काठ्या मागे घेण्यास रामहरी तयार नाहीत, कारण मोकळी झालेली जागा पूर्वेचा सिद्धू पेरील. मी दुसऱ्याच दिवशी संदर्भ १ चा अर्ज केला.

६. त्यावर आपले दोन कर्मचारी आले. त्यांनी काठ्या होत्या तेथेच ठेवून त्यांवर पांढऱ्या रंगाने १ ते ४१ क्रमांक घातले आणि निर्णय होईपर्यंत कोणीही त्या उपटू वा हलवू नयेत, असे संदर्भ २ चे पत्र दिले. मी रामहरींना पुन्हा समजावले. ते म्हणाले, “सर, काठी तुमच्या म्याडमनं रोवली असंल. पण तिच्यावर नंबर पडलाय. आता ती सरकारची हाय.” पत्रानंतरच्या सात दिवसांत काठ्या सरासरी ४० सेंटिमीटर सरकल्या आहेत.

७. बाईंनी मुलांना त्या वाटेने जाण्यास मनाई केली व घरोघरी जाऊन पालकांनाही सांगितले. आमच्या वर्गातील निकिताची आजी अक्काबाई यांनी त्यांना पाणी दिले, शांतपणे ऐकून घेतले आणि मला म्हणाल्या, “म्याडम परदेशची हाय, तिला गाळाचं भ्या वाटतं. पोरं मोजत्यात तेच आकडे सरकारनं लिवल्यात न्हवं?” या युक्तिवादात मला दोष दाखवता आला नाही. दोष आकड्यांत नाही, जागेत आहे.

८. दि. ५ रोजी मी खऱ्या वाटेवर पांढऱ्या फडक्याच्या काठ्या रोवल्या. त्या दुपारपर्यंत उपटल्या गेल्या आणि बनावट सीमाखुणा उभारल्याबद्दल मला संदर्भ ३ ची नोटीस मिळाली. आपल्याच अहवालावरून बाईंना शासकीय जमिनीत विनापरवाना खुणा केल्याचा खुलासा देण्यासाठी सोमवारी पुण्यास बोलावले आहे.

९. त्याच सोमवारी सकाळी साडेसातला वार्षिक परीक्षा सुरू होते. त्या वेळेस पोहोचणारी एस.टी. नाही. बाई पुण्यात असतील. मी परीक्षेचा पर्यवेक्षक असल्याने साडेसहापासून शाळेत असेन. मुले एकटी निघतील. आठवड्यापूर्वी वाळलेला थर मुलाचे वजन पेलत होता. परवा, काठ्या खड्ड्यात आणखी आत सरकल्यावर, तेथील थराने माझी पाण्याने भरलेली घागर पेलली नाही.

१०. काठ्या उपटण्याची लेखी परवानगी मागावी, असा या अर्जाचा मूळ हेतू होता. त्याआधी परिणाम तपासावा म्हणून काल सायंकाळी मी क्र. १७ ची काठी उपटून घरी आणली. हा गुन्हा असल्यास मला मान्य आहे. आज सकाळी सहा वाजता तेथे नवी काठी उभी होती. तिला लाल फडके होते, तिच्यावर पांढऱ्या रंगात १७ लिहिले होते, आणि ती आधीच्या जागेपासून दोन मीटर पूर्वेस होती. ती कोणी रोवली हे मला ठाऊक नाही. विचारले असता सर्वांनी ती शाखेची असल्याचे सांगितले.

११. तेव्हा परवानगीची विनंती मी मागे घेत आहे. तिचा उपयोग होणार नाही. येथे माझ्या मोजमापावर कोणाचा विश्वास नाही, आपल्या क्रमांकावर आहे. म्हणून विनंती एवढीच की, उद्या रविवारी उजेड असेतोवर आपण स्वतः यावे आणि गावासमक्ष काठी क्र. १ पासून काठ्यांच्या रांगेने चालण्यास सुरुवात करावी. मी दोर घेऊन आपल्या मागे असेन.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,

(सही)
बुद्धघोष गंगाराम मखरे
एम.एस्सी., बी.एड.
नवे करंजवडे, ता. इंदापूर
दि. ९ एप्रिल १९९४

सोबत:
१) काठ्यांच्या स्थानांचा तक्ता, दि. १ मार्च ते ९ एप्रिल.
२) खड्ड्याच्या खोलीची नोंद.
३) काठी क्र. १७ (मूळ).
४) अकरा विद्यार्थ्यांची नावे, इयत्ता व उंची, सेंटिमीटरमध्ये.